इनास सर आणि गडग्यावरचं गाव

या वर्षी आमच्या टूर्नामेंटला माइकवर नवा कॉमेंटेटर होता. आवाज चांगला आहे त्याचा, आणि थकत नाही. "मसुरे संघानं नाणेफेक जिंकून प्रथम फलंदाजी घेतली आहे," असं त्यानं सांगितलं आणि तो थांबला. माडांखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलेली माणसंही थांबली. मसुरे, बरं, मग? पुढचं वाक्य यायला हवं होतं. पण ते वाक्य इनास सरांचं होतं, आणि सर या वर्षी नव्हते.

सर असते तर म्हणाले असते, "गाववाल्यांनु, मसुऱ्याचे अकरातले आठच इलेसत. बाकी तिघांनी रजा जत्रेक राखून ठेवली हा!" हे ते दर वर्षी म्हणत. मसुऱ्यातल्या आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख ठरलेली असो वा नसो, मसुऱ्याचे अकरा आलेले असोत वा पंधरा. आणि मसुऱ्याचे खेळाडू हे ऐकेपर्यंत मैदानात उतरतच नसत. दोरीपाशी बॅटा टेकून उभे राहायचे.

आमच्याकडे भात कापून झालं की मळे मोकळे होतात. मग जानेवारीपासून शनिवार-रविवार टेनिस बॉलचे सामने. झावळ्यांचा मांडव, त्यात एक टेबल, टेबलावर माइक आणि स्कोअरची वही. माइकमागे इनास सर, वहीमागे मी. असे तीन सीझन मी त्यांच्या शेजारी बसले.

मी तिथे कशी गेले ते थोडक्यात सांगते. बाबा कमिटीत आहेत आणि सरांचे विद्यार्थी आहेत. आधीचा स्कोअरर नोकरीसाठी गोव्याला गेला. मी तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून परत आले होते आणि घरून लॅपटॉपवर काम करत होते. बाबा म्हणाले, "हिला बसवूया. आकडे नीट लिहिते आणि बोलायचं तर काही नसतंच." दुसरं कारण खरं होतं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, घरात माझ्याशी सगळे शुद्ध मराठी बोलायचे. मालवणी मला शब्द न शब्द कळते, पण बोलायला गेले की समोरचा हसतो. म्हणून मी बोलत नाही. आणि न बोलणाऱ्या इंग्लिश मीडियमच्या मुलीबद्दल लोक आपसात काय बोलतात, तेही मला शब्द न शब्द कळतं.

पहिल्या दिवशी सरांनी माइक बंद केला आणि विचारलं, "तू खंयची गो?"

"मालवण."

"म्हणजे 'येतंय' गावची."

मी बघत राहिले.

"वायरमनाक फोन कर. काय म्हणता? 'येतंय.' सुताराक कर. 'येतंय.' नळवाल्याक कर. 'येतंय मरे, वाटेर आसंय.' आठ दिवसांनी बाजारात गावलो तर तोच तुका इचारतलो, 'तुमी घराकडे नव्हतास काय?'"

आमच्या बाथरूमचा गीझर तीन आठवडे बंद होता आणि दुरुस्तीवाला रोज येत होता. मला हसू आवरेना. सर माझ्याकडे न बघता रुमालानं माइक पुसत म्हणाले, "मीय मालवणचोच. माझ्या साहेबांनी माका रिटायर होईसर इचारल्यानी, इनास, ह्यो रिपोर्ट खंय? मी सांगलंय, येताहा."

इनास सर म्हणजे हायस्कूलचे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. उंच, वाकलेले, सत्तरी ओलांडलेले. कितीही ऊन असलं तरी लांब बाह्यांचा पांढरा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. बरोबर एक थर्मास, त्यात मिरी घातलेलं कोमट पाणी. आयोजकांनी दिलेलं थंड सरबत ते घेत आणि मुकाट्यानं माझ्यापुढे सरकवत. माइक हातात आला की बाकीचे "हॅलो, हॅलो" करतात, फुंकर मारतात. सर वाऱ्याची बातमी सांगत. "वारो दर्याकडसून आसा. दुपारपर्यंत असोच रवतलो. माडाच्या बाजून उचलून मारशात तर बॉल परत तुमच्याच हातात येतलो." आणि तसंच होई.

बाबा सांगतात, वर्गात सर अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. फळ्यावर तालुक्याचा नकाशा काढायचे आणि मुलांना एकेक करून उभं करायचे. "तुझं गाव कोणतं? शेजारच्या गावचे लोक तुमच्या गावाला काय म्हणतात?" मुलं लाजायची, मग कोणीतरी मागच्या बाकावरून ओरडायचा. जे नाव येईल ते सर नकाशावर खडूनं लिहायचे, आणि मग विचारायचे, "असं का म्हणत असतील?" पाणी कमी म्हणून? रस्ता उशिरा आला म्हणून? शेत खाजणाचं, खाऱ्या पाण्याचं म्हणून? तेवढ्यात तास संपायचा. बाबांना अजूनही नद्यांची नावं आठवत नाहीत, पण कुठल्या गावाला काय म्हणतात आणि का, हे विचारलं तर जेवण थांबवून सांगतात.

माइकवर हाच नकाशा बोलायला लागायचा. "जामसंड्याच्या माणसाक भायर कोणी इचारल्यान, 'तू खंयचो?' तर तो सांगतलो, 'देवगडचो.' आणि खऱ्या देवगडवाल्यान 'देवगड' सांगल्यान, तर ह्योच इचारतलो, 'देवगडात नक्की खंय?'" नांदगावची टीम उशिरा आली की, "घरासमोर स्टेशन आसा ना! म्हणान आरामात निघतत, आणि गाडी चुकता." हे सगळं झालं की शेवटी स्वतःवर यायचे. "आणि ह्यो बोलतासा तो किरिस्तांव. तेच्या घरातला घड्याळ चर्चच्या घंटेर चलता, आणि तो घंटेवालो मालवणचोच!"

एक गोष्ट मात्र मी वही लिहिता लिहिता पाहिली होती. सर गावाची थट्टा करत, माणसाची कधीच करत नसत. कोणी सोपा झेल सोडला की ते नाव घेत नसत. "वाऱ्यान सोडल्यान," म्हणत. एकदा एका खेळाडूनं एकाच ओव्हरमध्ये दोन झेल सोडले. लोक दोरीपलीकडून ओरडायला लागले. सरांनी लगेच वाऱ्यावर इतकं मोठं भाषण सुरू केलं की लोक कंटाळून गप्प बसले. मी त्यांच्याकडे बघितलं, तेव्हा माइकवर हात ठेवून म्हणाले, "गावाक बोललंय तर अख्खो गाव वाटून घेता. एकट्याक बोललंय तर तो एकटोच घराकडे घेवन जाता."

सरांना दिसत कमी होतं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि ऑपरेशन "येत्या पावसानंतर". म्हणून बॅटिंगला कोण आलं, बॉल कुठे गेला, हे मी त्यांना चिठ्ठीवर स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहून द्यायचे. मी दोन शब्द लिहावेत आणि त्यांनी त्याचा पाच मिनिटांचा कार्यक्रम करावा. लोकांना वाटायचं सरांची नजर काय तीक्ष्ण आहे. मला ते आवडायचं. माझे शब्द अख्ख्या मळ्याला ऐकू जात होते आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

म्हणूनच पुढे जे झालं, त्यात माझीही एक चिठ्ठी आहे.

गेल्या वर्षी आंबेखोलची टीम पहिल्यांदाच आली. आंबेखोल आतलं गाव, डोंगराच्या खोबणीत. काजू आणि भात, समुद्राशी संबंध नाही. मुलं गरीब, बिनजाहिरातीचे टी-शर्ट घातलेली, पण खेळ चिवट. सेमीफायनलला त्यांचा ओपनर चारी ओव्हर एका जागी पाय रोवून खेळत होता. बॉलर चिडवत होते, हा हलत नव्हता. मी चिठ्ठी लिहिली, "क्रीझबाहेर येतच नाही."

सरांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली आणि माइक उचलला.

"गाववाल्यांनु, ह्यो आंबेखोलचो बॅट्समन. गडग्यावरचो गाव! स्वतः क्रीझच्या भायर येवचो नाय, आणि पावण्याक गडग्याच्या भुतूर घेवचो नाय! तुमी शंभर मैल चलान जावा, तुमची गजाल गडग्यारच सुरू आणि गडग्यारच खलास!"

गडगा म्हणजे आमच्याकडे घराभोवती दगड रचून केलेलं कुंपण, कमरेएवढं; गजाल म्हणजे गप्पा. आंबेखोलची माणसं पाहुण्याला कुंपणाबाहेर उभं करूनच बोळवतात, हे मालवणात सगळ्यांनी ऐकलेलं. मळा हसून हसून लोळला. मीसुद्धा हसले. आंबेखोलनं सामना जिंकला, फायनल पुढच्या रविवारी होती, आणि संध्याकाळपर्यंत त्या पंधरा सेकंदांची क्लिप मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आली. खाली रडून हसणारे चेहरे.

मंगळवारी आंबेखोलचा कॅप्टन सुहास आमच्या घरी आला. बाबा आणि कमिटीचे दोघे ओटीवर बसले होते. सरांनाही बोलावलं होतं. मी आत दाराआड होते.

सुहास बसला नाही. "आमी फायनलाक येवचे नाय. ह्यां सांगूक इलंय."

बाबा म्हणाले, "अरे, मस्करी ती. सर सगळ्यांचीच करतात."

"माका ठावक आसा. मीय हसलंय थयसर." तो सरांकडे बघत नव्हता. "काल माझ्या बहिणीक बघूक पावणे इले. आमी गडग्याच्या भायर जावन हात जोडून म्हटला, येवा, भुतूर येवा. तर चेड्याचो मामा थंयच उभो रवलो. म्हणता, 'येवंया मा? नायतर गडग्यारच आटपूया!' सगळे हसले. माझी बहीण चायचे कप घेवन दारात होती. ती नाय हसली. तिना तो चाय परत नेलो आणि सांगल्यान, माका ह्या घरात जावचा नाय."

 मग कमिटीतल्या एकानं तोडगा काढला. सरांनी मोबाइलवर दोन वाक्यं बोलायची, माफी मागायची, ती क्लिप सगळ्या ग्रुपवर टाकायची. विषय संपला. फायनलची सगळी तयारी झालेली होती. हे झालं नाही तर सरांना त्या दिवशी माइकवर बसवता येणार नाही, हेही त्यानं घुटमळत सांगितलं.

सर बराच वेळ मनगटाचं बटण काढत-लावत बसले. मग म्हणाले, "मोबाइलार माफी मागूचंय नाय."

"सर, ह्या वयात हट्ट कित्याक?" कमिटीवाला म्हणाला.

"हट्ट नाय. ज्यांका लागला ती माणसां आंबेखोलात आसत. मोबाइल बघणारे भलतेच." ते सुहासला म्हणाले, "माझी चूक आसा रे झिला. तू खेळ. मी मायकार बसूचंय नाय. तुज्या गावात कोणी जेवूक घातल्यानी तरच परत बसतलंय."

सुहासला काही कळलं नाही. तो निघून गेला. मलाही कळलं नव्हतं. सर जायला निघाले तेव्हा मी त्यांची छत्री द्यायला बाहेर आले, आणि त्यांनी पायऱ्या उतरता उतरता ते सांगितलं.

सरांची बायको गोव्याच्या सीमेवरच्या एका गावची. लग्नात, ऐन जेवणाच्या वेळी, सरांनी त्या गावाबद्दल कोणाकडून तरी ऐकलेली एक थट्टा चारचौघांत सांगितली.  सासऱ्यानं स्वतः भांडं घेतलं आणि सरांना वाढायला लागला. सर नको म्हणेपर्यंत, आणि नको म्हटल्यावरही. वाढून झालं की शांतपणे म्हणायचा, "जेव, जावई. आमच्या गावात आधी जेवतत, मगे बोलतत." तेव्हापासून सरांनी ठरवलं होतं, ज्या गावात आपण पोटभर जेवलो नाही त्या गावाबद्दल तोंड उघडायचं नाही. मसुरे, जामसंडे, नांदगाव, सगळीकडे ते जेवलेले होते. कुठे बारशाला, कुठे विद्यार्थ्याच्या लग्नाला, कुठे नुसतेच वाट चुकून.

"आंबेखोलात?" मी विचारलं.

"पाणीसुदीक पिवक नाय. लोक म्हणतत, म्हणान मीय म्हटलंय. तां माझा नव्हताच, बाय. ऐकलेला होता." मग थोडं थांबून, "वर्गात चाळीस वर्सां इचारलंय, असं का म्हणत असतील? ह्या एका गावाबद्दल इचारूकच नाय."

मी त्यांना माझ्या चिठ्ठीबद्दल काहीतरी म्हणाले. त्यांनी हात हलवून ते उडवून लावलं. पण गुरुवारी सकाळी मी स्कूटर घेऊन त्यांच्या दारात गेले. विचारलं नाही, नुसती उभी राहिले. ते छत्री आणि थर्मास घेऊन मागे बसले. वळणांवर वळणं, आणि मागून सर प्रत्येक वळणाला त्या वाडीची माहिती सांगत होते. आंबेखोलची पाटी आली तसे गप्प झाले.

पहिल्या घराचा गडगा आला. आतून लुंगी नेसलेला माणूस बाहेर आला, त्यानं सरांना ओळखलं आणि तो गडग्याच्या आतल्या बाजूला येऊन थांबला.

"सर, तुमी?"

"मीच. माफी मागूक इलंय."

"देव बरा करो." त्यानं डोकं खाजवलं. "पण माझी पंचाईत झाली मा. तुमका भुतूर घेतलंय तर गाव म्हणतलो, टीकेक घाबारलो. नाय घेतलंय तर तुमचाच खरा झाला."

"खरा आसा," सर म्हणाले. "मगे काय करूया?"

"तुमीच सांगा. तुमी मास्तर."

दोघंही खरोखर विचार करत उभे राहिले. मला हसूही येत होतं आणि रडूही. शेवटी त्या माणसानं आम्हांला एक शहाळं दिलं, गडग्यावरूनच, आणि म्हणाला, "सुहासच्या घराकडे जावा. तेच्या आवशीक इचारा. ती सांगात तां."

दुसऱ्या घरीही तेच. तिथली बाई सरांशी अगदी मायेनं बोलली, त्यांच्या डोळ्याची चौकशी केली, पण गडग्याच्या आतूनच. सर उन्हात उभे होते. त्यांनी छत्रीसुद्धा उघडली नाही.

सुहासचं घर वाडीच्या टोकाला. सुहास कामावर गेला होता आणि बहीण कॉलेजला. त्याची आई अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होती. साठीची, काटक, पदर खोचलेला. तिनं आम्हांला पाहिलं आणि ती सावकाश गडग्यापर्यंत आली.

"मायकवालो मास्तर तूच?"

बाबांच्या वयाची माणसं ज्यांच्यापुढे खुर्चीवरून उठतात त्या सरांना तिनं 'तू' म्हटलं. सर म्हणाले, "व्हय. मीच."

"बस."

मी इकडेतिकडे बघितलं. बसायला काही नव्हतं. तिनं बोट दाखवलं. गडग्याच्या बाहेरच्या अंगाला, फणसाच्या सावलीत, रचलेल्या दगडांमधून एक रुंद चपटा दगड पुढे काढलेला होता. वापरून वापरून गुळगुळीत झालेला. तेव्हा मला आठवलं, आधीच्या दोन्ही घरांनाही तसा दगड होता. मला वाटलं होतं दगड निसटून बाहेर आलाय.

सर बसले. ती आत उभी, ते बाहेर बसलेले, मध्ये गडगा.

"ह्यो दगड माझ्या सासवेच्या सासवेन घातल्यान," ती म्हणाली. "आमच्या गावचे बापये सगळे मुंबैक. पिढ्यान् पिढ्यो. घरात रवतली कोण? बायलमाणसां आणि पोरां. वाटेन कोणय येतलो, वाणी येतलो, सरकारी माणूस येतलो. भुतूर घेतलंय तर उद्या गाव काय म्हणतलो? आणि भायरच्या भायर हाकललंय तर पावण्याचो मान खंय रवलो? म्हणान सावलीत दगड घातलो. पाणी दिला, गूळ दिलो, मगे बोलला. दिसभर बस म्हटला तरी बस. माझो घोव वर्षातना पंधरा दिस घराकडे. मी तीस वर्सां सगळ्या जगाशी ह्या गडग्यार बोललंय. ह्यां तुमका हसूक गावला?"

 सरांचा हात त्या दगडावरून पुन्हा पुन्हा फिरत होता, आंधळ्या माणसाचा फिरतो तसा.

ती आत गेली. मला वाटलं संपलं. पण थोड्या वेळानं ती पितळी घेऊन आली. उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा, आंब्याचं लोणचं. ती तिनं गडग्यावर ठेवली. मलाही एक.

"आज घरात मी एकटी. भुतूर घेवचंय नाय. पण उपाशी धाडूचंय नाय."

सरांनी मान खाली घालून पेज प्यायली. कितीतरी वेळ. बांगड्याचा काटा न काटा चोखला. पितळी रिकामी झाली तेव्हा ती म्हणाली, "अजून?" सर म्हणाले, "होय." ती परत आत गेली तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि बाहीला डोळे पुसले. मी दुसरीकडे बघत होते, तरी दिसलं.

"फायनल कधी?" परत येताना तिनं विचारलं.

"आयतारी."

"सुहास येतलो. मी सांगतंय. तूय बस थयसर मायकार. तू नसलंस तर काय मजा?"

रविवारी फायनल झाली. सर माइकवर बसले. वाऱ्याची बातमी दिली, मालवणच्या टीमची 'येतंय'वाली थट्टा केली, मळा हसला. मग आंबेखोल मैदानात उतरलं आणि सर म्हणाले, "आता मैदानावर येत आहे आंबेखोलचा संघ."

बस, एवढंच. शुद्ध मराठीत. पूर्ण सामनाभर तसंच. "आंबेखोलचा फलंदाज." "आंबेखोलच्या गोलंदाजाचं उत्तम षटक." सरकारी कचेरीत अर्ज वाचतात तसं. पहिल्यांदा कोणाला काही वाटलं नाही. मग दोरीपलीकडे बसलेली आंबेखोलची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. टेम्पो भरून आली होती ती, सुहासची आईपण आली होती. इनिंग्ज संपल्यावर सुहास घामाघूम होऊन टेबलाशी आला.

"सर, सगळ्यांका बोलतास, आमका काय्येक नाय?"

"तुमका राग इललो ना रे?"

"तो इललोच. पण ह्यां असा आमी परके असल्यासारख्या..." त्याला पुढे सांगता येईना. "कायतरी बोला."

सरांनी माइकवर हात ठेवला. "मी तुज्या गावात एकदा जेवलंय. गडग्यार. एका जेवणात गाव कळणा नाय."

"मगे किती जेवूक होया?"

"तां तुझी आवस ठरवतली."

सुहास हसत परत गेला. आंबेखोल ती फायनल नऊ धावांनी हरलं. शेवटच्या ओव्हरमध्ये त्यांच्याच एकानं झेल सोडला. सरांच्या पुढ्यात माझी चिठ्ठी होती, तिच्यावर नाव होतं. सर म्हणाले, "वाऱ्यान सोडल्यान." एवढं एक वाक्य त्या दिवशी आंबेखोलसाठी मालवणीत आलं, आणि टेम्पोजवळच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

नंतरच्या दोन-अडीच महिन्यांत सर मला फारसे भेटले नाहीत. बाबा म्हणायचे, रविवारी चर्चमधली मिसा झाली की सर दुपारच्या एसटीनं कुठेतरी जातात, संध्याकाळी परततात. जूनच्या सुरुवातीला त्यांची मुलगी आली आणि त्यांना वसईला घेऊन गेली. ऑपरेशन तिकडेच होणार होतं. ते झालं, मग गुडघ्याचं निघालं, आणि आता ते तिकडेच आहेत. ख्रिसमसला मी फोन केला होता. "येतंय गो," म्हणाले, "वाटेर आसंय."

आणि या वर्षी नवा कॉमेंटेटर. त्यानं एक-दोनदा जुनी नावं वापरून बघितली. मसुरेवाले हसले नाहीत. आंबेखोलची टीम आली तेव्हा मात्र तो माइक खाली ठेवून सुहासला विचारायला गेला, की तुमच्या गावाला काय म्हणायचं? जुनं म्हणायचं नाही असं कमिटीनं सांगितलंय. सुहास त्याला म्हणाला, "आमचा नाव सरांकडे आसा. ते इले की सांगतले." तेवढं बोलून तो पॅड बांधायला बसला. मी वहीत फक्त 'आंबेखोल' लिहिलं.

मी सरांना शेवटचं पाहिलं ते गेल्या मे महिन्यात, एका रविवारी. काजूच्या बियांची एक पिशवी बाबांना कोणाकडून तरी आणायची होती, म्हणून मी आंबेखोलच्या रस्त्यानं स्कूटरवरून जात होते. सुहासच्या घराजवळच्या वळणावर वेग कमी केला, आणि सर दिसले. फणसाखालच्या दगडावर बसलेले, रस्त्याकडे पाठ. गडग्यावर रतांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, ढीग होता. पलीकडून सुहासची आई विळीवर एकेक फळ चिरत होती, अलीकडून सर बोटांनी बिया काढून टोपात टाकत होते. त्यांना ते नीट जमत नव्हतं. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या आयुष्यात पहिल्यांदा कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या आणि हात लालभडक झाले होते. शेजारच्या घरातल्या दोन बायकाही येऊन टेकल्या होत्या. तिघी एकदम बोलत होत्या, एकमेकींचं तोडत, कुठल्याशा जुन्या पुराची गोष्ट असावी. सर मध्येच "मगे?" म्हणत आणि परत मान खाली घालून ऐकत. मी हॉर्न वाजवला नाही. पाय जमिनीला टेकवून स्कूटर हळूच पुढे ढकलली, उतार लागेपर्यंत, आणि मगच सुरू केली.